थरथरता करदोडा

शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा वाटतो, साडूच्या बंगल्याचा वाटतो, ऑफिसात आपल्यामागून लागून आपल्यापुढे निघून गेलेल्याचा तर वाटतोच वाटतो. सावेडीतल्या वैजनाथला मात्र हेवा वाटला तो घड्याळाएवढ्या दोन रबरी पट्ट्यांचा. हे पट्टे त्याच्या भाच्याच्या, म्हणजे पाच वर्षांच्या पार्थच्या दोन्ही मनगटांवर असायचे आणि आळीपाळीने हळूच थरथरायचे. तेवढंच त्यांचं काम. ना ते कुणाला काही बोलत, ना कुणाच्या वाटेला जात. तरी ते नजरेला पडले की बहिणीने वैजनाथसमोर ठेवलेला चहा तसाच गार व्हायचा.

भांडण मांडीचं होतं. पार्थचं जावळ व्हायचं होतं आणि जावळ, म्हणजे लेकराचे पहिले केस, काढायचे ते मामाच्या मांडीवर बसवून, ही आपल्याकडची रीत. त्या दिवशी बापाला कुणी विचारत नाही. काका तर पंगतीत मठ्ठा वाढायलाच असतो. मान असतो तो मामाचा. नवे कपडे घालून तो मधोमध मांडी घालून बसतो, भाचा मांडीत, समोर वस्तरा घेतलेला माणूस, आणि सगळं गणगोत भोवती. वैजनाथ आणि शुभांगीला मूल नव्हतं. त्या घरात तो विषय कुणी काढत नसे, आणि म्हणूनच असेल, पार्थचा विषय दिवसभर निघत असे. आयुष्यात आपल्या मांडीवर हक्काने बसेल असं एकच लेकरू आहे, हे वैजनाथने मनाशी धरलं होतं.

अडचण एवढीच, की पार्थला अंगाला काही लागलेलं सहन होत नसे. शर्टाच्या मानेमागचं लेबल टोचायचं, कुकरची शिट्टी झाली की तो कानावर हात ठेवून पलंगाखाली जायचा, आणि कंगवा दिसला की घर डोक्यावर घ्यायचा. लाडावलेला म्हणावा तर तसंही नव्हतं. आपल्याला जे नुसतं लागतं, ते त्याला बोचत होतं. पहिल्या वर्षी जावळाचा घाट घातला, तेव्हा कात्री कानाशी येताच तो असा किंचाळला की पाहुणे जेवायचे थांबले. तिसऱ्या वर्षी पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा त्याने मामाचा अंगठा कडकडून चावला. जावळ विषम वर्षातच करायचं, त्यामुळे मधल्या काळात केस वाढतच राहिले. आता ते कमरेला टेकले होते. रिक्षावाले 'ताई, पोरगी लई गोड हाय तुमची' म्हणायचे आणि पार्थची आई माधुरी 'हो' म्हणून मोकळी व्हायची. किती जणांना सांगत बसणार?

या दोन पराभवांतूनही वैजनाथने मान कमावला होता, हे त्याचं कसब. अंगठ्यावरचा व्रण तो लढाईवरून आलेल्या माणसासारखा दाखवायचा. शिवाय पार्थचे केस विंचरायचं जगात एकट्याला जमत होतं, ते वैजनाथला. संध्याकाळी ऑफिसातून आला की तो पार्थला आपल्या जुन्या मोटारसायकलच्या टाकीवर बसवायचा, सावेडीच्या गल्ल्यांतून एक लांबलचक चक्कर मारायचा आणि घरी येऊन केसांत कंगवा घालायचा. पार्थ अर्धवट डोळे मिटून बसून राहायचा. 'हात लागतो माणसाचा,' वैजनाथ पाहुण्यांत सांगायचा. 'आई झाली, बाप झाला, सगळं खरं. पण हात लागावा लागतो.' हे ऐकताना माधुरीचे यजमान प्रशांत छताकडे बघत असत.

मग माधुरीने पार्थला मोनिका मॅडमकडे न्यायला सुरुवात केली. अशा मुलांना झोका, उशा, चेंडू, वाळू यांच्या मदतीने हळूहळू सवय लावणाऱ्या या बाई. मूल कशाने शांत होतं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. माधुरी म्हणाली, 'दादाजवळ.' झालं. पुढच्या खेपेला वैजनाथ इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

'तसं विशेष काही नाही,' त्याने मान किंचित खाली घालून सुरुवात केली. असं म्हणणारा माणूस पुढे बराच वेळ बोलतो. तोही बोलला. मोनिका मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'गाडी कोणती आहे?'

'जुनीच आहे. पण ठणठणीत.'

'थरथरते का?'

'आरशासकट.'

'मग बरोबर,' मॅडम खूश झाल्या. 'काही मुलांना असं व्हायब्रेशन मिळालं की अंगाला जरा आराम पडतो. मग कंगव्याचा, कात्रीचा तेवढा त्रास होत नाही. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण याला पडतंय. मनगटावर बांधायचे बँड मिळतात तसे. करून बघायला हरकत नाही.'

वैजनाथने इस्त्रीच्या शर्टाची बाही सरळ केली. 'म्हणजे,' त्याने विचारलं, 'मी नाही? गाडी?'

'गाडी तुम्हीच चालवता ना,' मॅडम समजुतीने म्हणाल्या. ही समजूत त्याला जास्त झोंबली. घरी येताना त्याने गाडीशी अबोला धरला, म्हणजे एरवी तिच्या टाकीवर मारायचा तशी थाप मारली नाही. शुभांगीला हे कळलं तेव्हा ती पोळी लाटायची थांबली, ओट्याला टेकून हसली आणि डोळे पुसून पुन्हा लाटायला लागली.

इथवर वैजनाथचा हेवा निदान घरच्या गाडीपुरता होता. त्यात योगेश आला. योगेश म्हणजे प्रशांतचा धाकटा भाऊ, पार्थचा काका, पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरीला. त्याने फोनवर ही हकिकत ऐकली, कुठून तरी ते बँड मागवले आणि शनिवारी सकाळी डबा हातात घेऊन सावेडीत हजर झाला. वैजनाथही नेमका तेव्हाच पार्थला चक्कर मारायला न्यायला आला होता. पार्थ जमिनीवर बसून चमचे लहान-मोठे लावत होता. योगेशने त्याला पट्टे नुसते हातात दिले, घालायची घाई केली नाही. (हे त्याने बरोबर केलं, हे वैजनाथलाही मनातून कबूल करावं लागलं आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.) पार्थने ते गालाला लावून पाहिले, कानाला लावून पाहिले, मग आपणहून मनगटात चढवले. योगेशने मोबाईलवर बोट फिरवलं. डावा थरथरला, उजवा थरथरला. पार्थने चमचे लावणं चालू ठेवलं. माधुरीने देवाचं नाव घेत मागून कंगवा लावला आणि वरपासून खालपर्यंत ओढला.

काही झालं नाही. माधुरीने वेणी घातली. मुलाच्या जन्मानंतर प्रथमच त्या माउलीने त्याचे केस स्वतःच्या हाताने विंचरले होते. ती रडायला लागली, प्रशांतने योगेशला मिठी मारली आणि वैजनाथ हेल्मेट काखेत धरून दारात उभा राहिला. त्याला आनंद झाला नाही असं नाही. झाला. पण पाहुण्यांच्या घरी आपल्या आवडीची भाजी संपल्यावर पानावर बसावं, तसा झाला.

जाताना योगेश त्याला जिन्यात भेटला. मुलगा स्वभावाने गरीब. तो आपुलकीने म्हणाला, 'दादा, आता तुम्हाला काही त्रास नाही. जावळाला पार्थ एकटाच पाटावर बसेल. तुम्ही निवांत यायचं.'

त्रास! हा शब्द घेऊन वैजनाथ घरी गेला आणि तोच घेऊन झोपला. फॅमिली ग्रुपवर 'काका असावा तर असा' असे निरोप पडत होते. सगळ्यांनी अंगठे दिले. वैजनाथनेही दिला. व्रणाचाच दिला, पण तो मोबाईलवर दिसत नाही.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण वैजनाथच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये उत्तमराव राहत. उत्तमराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात ते नेमके काय करत, हे सोसायटीत कुणाला माहीत नव्हतं. पण ज्याच्यात तार आणि नट आहे अशा प्रत्येक वस्तूवर त्यांचा अधिकार चाले. वैजनाथने गॅलरीतून आपलं दुःख सांगताच ते म्हणाले, 'वैजनाथराव, मुळात मनगट हीच चूक. माणसाचा तोल कुठं असतो? कमरेत. यंत्र कमरेला पाहिजे.'

'कमरेला काय बांधणार?'

'आपल्या पोरांच्या कमरेला जन्मल्यापासून काय असतं?'

वैजनाथच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. करदोडा! बारशापासून कमरेला असलेला काळा गोफ. पार्थच्या अंगाला तीच एक वस्तू कधी टोचली नव्हती. पुण्याचा योगेश सातासमुद्रापलीकडचे पट्टे आणतो काय, मामा पार्थला देशी, घरचा, थरथरता करदोडा करून घालेल. आणि करदोडा घातलेला भाचा मांडीवर बसला, की यश करदोड्याचं की मांडीचं, हे कोण वेगळं काढणार?

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात त्याने मेलेल्या मोबाईलमधल्या थरथरणाऱ्या मोटरी मागितल्या. दुकानदाराने कशाला, असं विचारलं. 'करदोड्याला,' वैजनाथ म्हणाला. दुकानदाराने पिशवी काउंटरवर लांबून सरकवली. उत्तमरावांनी त्या मोटरींना तारा डागून जोडल्या. डागताना त्यांच्या सूनबाईंच्या नव्या मेणकापडाला भोक पडलं. ते वैजनाथमुळे पडलं, असं त्या घरात ठरलं. शिवायला शुभांगीने साफ नकार दिला, तेव्हा वैजनाथने स्वतः दाभण घेऊन मोटरी, तारा आणि टॉर्चची बॅटरी काळ्या गोफात शिवून टाकली. बटण कुठे ठेवायचं यावर बराच खल झाला. उत्तमरावांनी निकाल दिला, 'मागं. माकडहाडाच्या वर. पोराचा हात पोचता कामा नये.' पोराचा पोचत नाही तिथे मोठ्याचाही पोचणार नाही, हे त्या दोन डोक्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

'आता चाचणी,' उत्तमराव म्हणाले. 'लेकराला घालायच्या आधी तुम्ही दिवसभर घाला. पाणी सोडायच्या आधी कालव्याची चारी तपासतात, तसं.' यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी वैजनाथ शर्टाच्या आत करदोडा बांधून ऑफिसला गेला.

वैजनाथ एका शिक्षण संस्थेत हेडक्लार्क. नेमके त्याच दिवशी संस्थेचे जुने विश्वस्त गेल्याची शोकसभा होती. सभागृहात पहिल्या रांगेत विश्वस्तांचं कुटुंब, मागे शिक्षक आणि सगळ्यात मागे भिंतीशी, लोखंडी कपाटाजवळ, वैजनाथ. भाषणं झाली. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे उठले. उठताना खुर्चीची पाठ वैजनाथच्या माकडहाडाच्या वर घासली आणि करदोडा सुरू झाला.

आधी नुसती गुणगुण ऐकू आली. पुढच्या माणसाचा हात खिशाकडे गेला. मग त्याच्या पुढच्याचा. हळूहळू अख्ख्या सभागृहाने मान खाली ठेवूनच आपापले खिसे चाचपले. वैजनाथने हात मागे नेला, बोटं कमरेपर्यंत पोचली, बटणापर्यंत पोचली नाहीत. घासल्याने चालू झालं तर घासल्याने बंद होईल, या विचाराने त्याने पाठ कपाटाला टेकवली आणि घासली. बटण जागचं हललं नाही. कपाट मात्र घोंघावायला लागलं. आत वार्षिक स्नेहसंमेलनाच्या ढाली ठेवल्या होत्या, त्या खणखणायला लागल्या. मुख्याध्यापकांनी एक डोळा उघडला. आणि याच वेळी, सगळीकडून बेंबीच्या दिशेने येणाऱ्या त्या थरथरीने वैजनाथला गुदगुल्या व्हायला लागल्या. त्याने ओठ चावले. मरणाचे, महागाईचे, योगेशचे विचार केले. काही उपयोग झाला नाही. त्या स्तब्धतेत तो आधी नाकातून आणि मग तोंडभर हसला.

'शोकप्रसंगी कमरेतून आवाज काढून हसल्याबद्दल आपणावर कार्यवाही का करण्यात येऊ नये' अशी नोटीस निघाली. संस्थेच्या सगळ्या नोटिसा टाइप करायचं काम वैजनाथचंच, त्यामुळे हीही त्यालाच टाइप करावी लागली. पाठवणारा म्हणून त्याने जावक क्रमांक घातला आणि घेणारा म्हणून पोच दिली. खुलाशात त्याने लिहिलं, की मला संवेदनांचा त्रास असल्याने मी कंपनयुक्त करदोडा परिधान करतो. वरून शेरा आला, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.

सरकारी दवाखान्यात त्याला विचारलं, कोणता अवयव? तो म्हणाला, तसा सगळाच. अशाला खिडकी नव्हती. त्याला कानाकडे पाठवलं. कानवाल्यांनी तपासून सांगितलं, कान उत्तम, कातडीवाल्यांकडे जा. कातडीवाल्यांनी करदोडा बघितला आणि हाडवाल्यांना बोलावून दाखवला. शेवटी एका तरुण डॉक्टरने त्याला समोर बसवून शांतपणे विचारलं, 'तुम्हाला नक्की काय सहन होत नाही?'  बरोबर आलेली शुभांगी म्हणाली, 'योगेश.'

मिळालेल्या प्रमाणपत्रात 'कमरेस कोणताही दोष आढळला नाही' एवढंच होतं. ते त्याने खुलाशाला जोडलं आणि फाइल स्वतःच कपाटात ढालींमागे ठेवली.

एवढा अपमान सोसलेल्या वस्तूचं काही तरी चीज व्हावं म्हणून त्याने ती पार्थकडे नेली. पार्थने निमूटपणे सदरा वर केला. मामाने करदोडा बांधला आणि बटण दाबलं. पार्थ एकदम उभा राहिला. त्याने पोट आत ओढलं, इतकं की करदोडा आपोआप सुटून पायाशी पडला. त्याने तो उचलून मामाच्या हातात दिला. 'हे चावतंय,' तो म्हणाला. मग कोपऱ्यातले योगेशकाकाचे पट्टे शोधून मनगटात चढवले आणि पुन्हा चमचे लावायला बसला.

त्या रात्री वैजनाथने जाहीर केलं, की जावळाच्या दिवशी आपल्याला ऑफिसचं काम आहे. 'रविवारी?' शुभांगीने विचारलं. तिने त्याचा नवा शर्ट आधीच इस्त्रीला टाकला होता.

जावळ प्रशांतच्या गावी, जामखेडच्या बाजूला होतं. शेतातल्या देवासमोर मांडव घातलेला. हलगीवाले आलेले, जनरेटर धडधडत होता आणि भोंग्यावरून कुणी तरी सारखं 'हॅलो, चेक' म्हणत होतं. माधुरीने जाऊन तिन्ही आवाज बंद करवले. पार्थ पाटावर बसला होता, मनगटांवर पट्टे. योगेश मोबाईल धरून समोर उकिडवा बसला. गावचे गहिनीनाथ कात्री पुसत होते. या वस्तीतली निम्मी डोकी त्यांच्याच हाताखालून गेलेली. वैजनाथ मागे, बायकांच्याही मागे, मांडवाच्या खांबाला धरून उभा होता.

गहिनीनाथांनी पहिली बट धरली. आणि वैजनाथच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं. त्याला वाटलं, ओरड. पार्थ्या, एकदाच ओरड. एकदा ओरडलास की सगळे माझ्याकडे वळून बघतील.

कात्री वाजली. पार्थने डोळे मिचकावले आणि आपल्या डाव्या मनगटाकडे, मग उजव्या मनगटाकडे बघत राहिला. दुसरी बट गेली, तिसरी गेली.  वैजनाथला आयुष्यात एवढं हलकट कधी वाटलं नव्हतं, आणि एवढं एकटंही.

'थांबा!' मागून आवाज आला. प्रशांतची आजी, आक्काबाई, काठी टेकत पुढे आल्या. त्यांना नीट दिसत नसे, पण काय दिसायला हवं हे पक्कं माहीत होतं. 'मामा कुटंय? मामाच्या मांडीबिगर कसलं जावळ? पाटावर बशिवलंय, न्हाव घालायला बशिवल्यावानी!'

'आजी, तो शांत बसलाय ना,' योगेश म्हणाला.

'तू गप. तुजं काय काम हाय हितं? काकाला जावळात काम नसतंय. मामा! ओ मामा!'

सगळा मांडव वळला. ज्या हाकेसाठी वैजनाथ इतके दिवस तळमळला, ती हाक चारचौघांत, खणखणीत आली होती. कायदा त्याच्या बाजूने, आक्काबाई त्याच्या बाजूने. योगेशचा चेहरा पडला होता आणि तो पडलेला बघून वैजनाथला, खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. तो पुढे झाला, पँट वर सरकवली आणि पाटामागे ऐटीत मांडी घातली. गेला आठवडाभर तो घरी तांदळाची गोणी मांडीवर घेऊन सराव करत होता, ऑफिसचं काम असूनही. त्याने दोन्ही हात पुढे केले.

पार्थने मागे वळून त्या हातांकडे बघितलं. त्याचे खांदे कानाशी गेले. तोंडातून आवाज आला नाही, पण छाती भरभर हलायला लागली.

हे खांदे वैजनाथच्या ओळखीचे होते. पहिल्या वर्षी याच हातांनी त्याने ते दाबून धरले होते. तिसऱ्या वर्षी त्याहून जोर लावून दाबले होते. मांडीवर बसवलं, मांडीवर बसवलं असं सगळे म्हणत आले, तोही म्हणत आला. प्रत्यक्षात त्याने धरून ठेवलं होतं. पोराला मामाची मांडी आठवत होती ती तशी.

वैजनाथने हात मागे घेतले.

'आजी,' तो म्हणाला, 'मला मांडी घालता येत नाही. गुडघा धरलाय.'

'आँ? आत्ता तर घातली की!'

'ती घालतानाच धरला.'

'मग उटा की!'

'उठताही येत नाही.'

मांडवात खसखस पिकली. प्रशांतचे चुलते म्हणाले, शहरातली माणसं अशीच, खुर्चीवर बसून गुडघे जातात. कुणी तरी बाम आणायला धावलं. ज्या माणसाने एका शोकसभेत अब्रू घालवली होती, त्याने उरलेली इथे घालवली. गुडघा मात्र त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

'अवघड हाय बाई ह्या मामाचं,' आक्काबाई पुटपुटल्या. 'मग निदान केस तर झेला. आत्यानं झेलायचं असतंय, पन आत्या न्हाई पोराला. भुईवर पडाया नगं.' वैजनाथने आहेरात आलेला नवा टॉवेल पसरला आणि होता तिथूनच, पार्थला बोटही न लावता, हात लांब करून केस झेलत राहिला. गहिनीनाथांनी पुन्हा कात्री चालवली, मग वस्तरा फिरवला. पार्थचे खांदे हळूहळू खाली आले.

पंगती उठायला लागल्या. योगेशचं कौतुक मांडवभर चाललं होतं. प्रत्येक जण त्याचा मोबाईल हातात घेऊन बघत होता. वैजनाथ गोठ्याच्या सावलीत पोत्यावर एकटा बसला होता, गुडघ्याला बाम चोळलेला. पार्थ अंघोळ करून आला. गोटा झालेलं डोकं उन्हात चमकत होतं. त्याने मनगटातले पट्टे काढून हातात घेतले होते, ते त्याने पोत्यावर ठेवले.

'मामा, आता काही कापायचं राहिलंय?'

'नाही.'

'कंगवा?'

'आता कशाचा कंगवा?'

'मग धरणार नाहीस ना?'

'नाही,' वैजनाथ म्हणाला. त्याने पुन्हा सांगितलं, 'नाही धरणार.'

पार्थ वळला, पाठ करून मागे मागे सरकत आला आणि त्याच्या मांडीवर बसला. कुणी बसवला नव्हता. गार, ओलं डोकं त्याने मामाच्या छातीला टेकवलं. वैजनाथला हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्याने ते दोन्ही बाजूंना पोत्यावर टेकवून ठेवले. थोड्या वेळाने त्याच्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत तेही कळेनासं झालं. तो हलला नाही.

योगेश पट्टे शोधत तिकडे आला आणि थबकला.  'दादा,' तो म्हणाला, 'माझ्याकडे असा कधी बसला नाही हो तो.' त्याच्या चेहऱ्यात वैजनाथला आपलंच दुखणं दिसलं. 'जरा वेळ माझ्याकडे देता का?'

तासाभरापूर्वी एवढा मोठा त्याग केलेल्या माणसाने खरं तर हो म्हणायला हवं होतं.

'झोप लागतीय त्याला,' वैजनाथ हळू आवाजात म्हणाला आणि हनुवटीने पोत्याकडे खूण केली. 'तुम्ही असं करा, ते पट्टे चार्जिंगला लावा.'